जॅकची मरम्मत की नवा जॅक?

उसाचा हंगाम सुरू झाला की कुंडल-पलूस भागातील गॅरेजवाल्यांना जेवायलाही सवड मिळत नाही. क्रांती कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, आणि त्यातला एखादा बसला की त्याचे इंजिन खाली घ्यायला क्रेन लागते. ही क्रेन म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, वर एक लांब हात आणि त्या हाताला खालून उचलणारा तेलाचा जॅक. सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो, जॅक त्याआधी थकतो. इंजिन अधांतरी धरले की हात आपोआप खाली येऊ लागतो. आधी बोटभर, मग वीतभर. यावर गॅरेजमध्ये दोनच उत्तरे ऐकू येतात. "उतरतो थोडा, पण चालतो" हे एक. "टाका भंगारात, नवा आणा" हे दुसरे. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

कापडवाल्याला जॅकचे काय कळते, असे कोणी विचारील. कापडाच्या गाठी दाबून बांधायच्या प्रेसला हाच तेलाचा जॅक असतो आणि आमचे अर्धे आयुष्य त्या प्रेसशेजारी गेले आहे. शिवाय विट्याच्या यंत्रमागांवरचा माल आम्ही घेतो. मागाचा पिकर झिजला म्हणून अख्खा माग मोडीत काढणारा विणकर आम्ही अजून पाहिलेला नाही. तो पिकर बदलतो आणि माग पुन्हा चालू करतो. जॅकमध्येही झिजते ते बहुधा सील. बाकीचे लोखंड शाबूत असते.

खरे तर या यंत्राची सारी करामत सीलवरच उभी आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 साली पाण्याच्या दाबाच्या प्रेसचे पेटंट घेतले. दाब वाढला की दांड्याच्या कडेने पाणी बाहेर यायचे, ही मोठी अडचण होती. त्याच्या कारखान्यातला कारागीर हेन्री मॉडस्ले याने चामड्याची अशी वाटी बसवली की दाब जितका वाढेल तितकी ती घट्ट बसत जाईल. या युक्तीचे श्रेय त्यालाच दिले जाते. आपल्याकडे हातपंपात चामड्याचे वॉशर घालणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आज चामड्याच्या जागी रबर आले, काम तेच राहिले.

आता मरम्मत कोणत्या जॅकची करावी? प्रथम दुखणे ओळखावे. दांड्याच्या तोंडाशी तेल ओघळत असेल तर वरचे सील गेले. बाहेर थेंबही नाही आणि तरी हात खाली येतो, तर दोष आत आहे: एक तर पिस्टनचे सील कापले गेले आहे, किंवा तेल परत सोडणाऱ्या झडपेच्या छर्ऱ्याखाली कचरा अडकला आहे. पुष्कळदा दुखणे नुसत्या कचऱ्याचे असते. काळे पडलेले तेल काढून आतून स्वच्छ केले, ताजे जॅकचे तेल भरले, रिलीज स्क्रू सैल ठेवून आठ-दहा वेळा पंप मारून हवा काढली, की तोच जॅक पुन्हा भार धरून राहतो. तेल मात्र दांडा पूर्ण खाली असताना भरावे. वर असताना भरले तर तो खाली बसायला जागाच उरत नाही.

तेलाच्या बाबतीत आपले मिस्त्री फार हयगय करतात. हाताशी ब्रेक ऑइलचा डबा असतो, तोच ओततात. बहुतेक जॅकचे सील नायट्राइल रबराचे असते. ब्रेक ऑइलने ते फुगते आणि काही दिवसांत लोण्यासारखे मऊ होते. इंजिनमधून काढलेले जळके तेल ओतण्याचाही रिवाज आहे. त्यातली धातूची कीस छर्ऱ्याची बैठक खाते. मग दोष सील विकणाऱ्याला दिला जातो.

आता नवा जॅक केव्हा घ्यावा? दांडा बाहेर काढून उजेडात फिरवून पाहावा. त्यावरचा क्रोम उडाला असेल, गंजाचे खड्डे असतील, तर नवे सील आठवड्यात फाटते. तेथे सीलवर खर्च करणे म्हणजे फाटक्या कापडाला नवे अस्तर लावणे होय. दांडा किंचितही वाकला असेल, सिलिंडरला आतून ओरखडे असतील किंवा बाहेरून वेल्डिंग झाले असेल, तर विचार करीत बसू नये. किर्लोस्करवाडी कुंडलच्या शेजारी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना मांडला, तेव्हापासून या भागात लेथवर हात बसलेल्या कारागिरांची वाण नाही. त्यामुळे "टर्निंग करून घेऊ" हा मोह येथे लवकर होतो. पंपाच्या शाफ्टला तो शोभतो. भार पेलणाऱ्या दांड्याला तासून बारीक करणे शोभत नाही.

नवा घेतानाही नुसता टनाचा आकडा पाहू नये. दोन टनांच्या क्रेनला बहुधा आठ टनांचा जॅक असतो, यात दुकानदाराची लबाडी नाही. जॅक हाताच्या बुडाजवळ रेटतो आणि इंजिन टोकाला लोंबकळते, म्हणून त्याच्यावर भार कित्येक पट येतो. हात पूर्ण लांब केला की तीच क्रेन बहुतेक वेळा अर्ध्या टनाचीच उरते. तेव्हा मिटलेली लांबी, उघडलेली लांबी आणि पिनांची भोके जुन्याशी जुळलीच पाहिजेत. ट्रकखाली लावायचा साधा जॅक तिथे बसवण्याची हुशारी तर कोणी करूच नये. तो सरळ उभा राहून काम करण्यासाठी बनवलेला असतो. तिरका झाला की तेलाऐवजी हवा ओढू शकतो, आणि पिनेत अडकवायची सोय नसल्याने निसटतोही.

हिशेब मांडला तर सीलचा खर्च काही शेकड्यांचा, नव्या जॅकचा काही हजारांचा. हंगामात गाडी उभी राहिली तर मालकाचे दिवसाचे नुकसान याहून मोठे असते, त्यामुळे तो घाई करतो आणि गॅरेजवाला "चालतो" म्हणून पंप मारीत राहतो. पण इंजिनखाली हात घालून बोल्ट जुळवणारा तिथे दुसराच असतो. बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा शागीर्द. ट्रॅक्टरचे तीन सिलिंडरचे इंजिन अडीच-तीनशे किलोंच्या घरात जाते. 1948 च्या कारखाने कायद्याने भार उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी सक्तीची केली होती, परंतु तो कायदा चार माणसांच्या गॅरेजपर्यंत कधी पोहोचलाच नाही. म्हणून उस्तादांनीच नियम घालावा: उतरणाऱ्या जॅकवर त्या दिवशी काम बंद. चांगल्या जॅकनेही फक्त उचलावे; उचललेले इंजिन स्टँडवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर टेकवल्याखेरीज कोणाचा हात खाली जाता कामा नये.

आमच्या व्यापारी बंधूंनाही दोन शब्द. स्वस्तातला जॅक काउंटरवर ठेवता, त्याचे सील का ठेवत नाही? आम्ही यंत्र घेतो तेव्हा आधी सुट्या भागांचे विचारतो, मग भाव. गिऱ्हाइकानेही तेच विचारावे आणि सील मिळत नसेल तर दुकानाची पायरी उतरावी. दुसरी गोष्ट जुन्या बाजाराची. एका गॅरेजने काढून टाकलेला जॅक रंग मारून दुसऱ्या गॅरेजात जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. मालात ऐब असेल तर तो दाखवून विकावा, हे आपल्याकडे पोराला गल्ल्यावर बसवण्याआधी शिकवले जाते. कापडाच्या थानात भोक असले तर आम्ही तेथे सुतळी बांधतो. जॅकच्या पोटातले भोक बाहेरून दिसत नाही आणि त्याला सुतळीही बांधता येत नाही. तेव्हा निकामी ठरलेला जॅक भंगारात देण्यापूर्वी त्यातले तेल काढावे, दांडा बाहेर ओढून ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे करावेत. काट्यावर वजन तेवढेच भरते आणि भंगारवाला भावही तोच देतो.