बघावा असा सिनेमा : पुसलेली साडेअठरा मिनिटं

मैत्रिणींनो, राजकारण म्हटलं की आपण पान उलटतो. पण 'डिक' हा १९९९ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट जरूर बघा.

वॉटरगेट प्रकरण ऐकलं असेलच. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनला विरोधी पक्षाच्या कचेरीत रात्री घुसलेले पाच जण पकडले गेले. ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. चित्रपटात हे बिंग फोडतात कोण, तर पंधरा वर्षांच्या दोन अल्लड मुली! त्यांनी नको ते पाहिलंय, म्हणून निक्सन त्यांना कुत्रा फिरवायचं काम देऊन गप्प करतात. 'या पोरींना काय कळतंय!' आणि तिथंच फसतात.

खऱ्या प्रकरणात निक्सनच्या एका ध्वनिफितीतली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्स यांनी, फोन घेताना चुकून पाचेक मिनिटं आपल्या हातून पुसली गेली असतील, असं सांगितलं. बाकीची कुणी पुसली, ते अजून कळलेलं नाही. टिंगल झाली ती मात्र त्या बाईंची! चित्रपटात त्या जागी असतं एका मुलीनं निक्सनसाठी गायलेलं प्रेमगीत. बाईच्या माथ्यावरचा डाग असा हसत हसत पुसला जातो.

थोडा चावटपणा आहे, नशेची बिस्किटंही आहेत; तेव्हा लहानांना नको. कॉलेजातल्या लेकीला मात्र सोबत घ्या. खरी हकिगत आधी सांगा, म्हणजे थट्टा नेमकी कुणाची, ते तिला कळेल.