मानांकन मिळाले, पाठवणीचे काय?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेलेल्या कारागिरीवर ही अधिकृत मोहोर उमटली, याचा आनंद स्वाभाविक होता. या मानांकनामुळे परदेशातील ग्राहक थेट कारागिराच्या दारापर्यंत येईल, अशी अपेक्षाही व्यक्त झाली. इंटरनेटमुळे तो येऊ लागला आहे, हेही खरे. तथापि ग्राहक दारात येणे आणि वाद्य सुखरूप त्याच्या दारात पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. सतारमेकर गल्लीतून निघालेली सतार टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये उघडली जाते आणि दांडीच्या मुळाशी चीर दिसते, तेव्हा कित्येक आठवड्यांची मेहनत तर वाया जातेच. शिवाय त्या ग्राहकाच्या मनातून मिरजेचे नावही उतरते.

सतार ही मुळातच प्रवासासाठी घडवलेली वस्तू नव्हे. तिचा भोपळा वाळवलेल्या फळाचा. त्याची भिंत कडक, पण ठिसूळ असते. त्याला तुणीच्या लाकडाची पोकळ दांडी जोडलेली असते. सुमारे चार फूट लांबीच्या या वाद्याचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे दांडी आणि भोपळा यांचा सांधा. खोके उंचावरून पडले की भोपळा जागीच थांबतो, खुंट्यांनी जड झालेले वरचे टोक मात्र झोका घेते आणि सगळा ताण या सांध्यावर येतो. म्हणूनच वाद्याभोवती नुसता फुग्यांचा कागद गुंडाळून भागत नाही. भोपळ्याला पाठीमागून आणि दांडीला ठिकठिकाणी आधार हवा, तबलीवर कोणताही दाब नको, खुंट्यांना खोक्याची भिंत लागता कामा नये आणि वरचा छोटा भोपळा काढून वेगळा बांधला पाहिजे. आत फायबरची पेटी, तिच्याबाहेर काही इंच मऊ भराव आणि त्यावर दुपदरी खोके, ही रचना त्यातल्या त्यात भरवशाची.

तारांचा प्रश्नही असाच. त्या पूर्ण ताणलेल्या ठेवल्या तर थंडी-उष्णतेच्या फरकाने लाकडावर भार पडतो. पूर्ण सैल केल्या तर केवळ तारांच्या दाबाने उभी असलेली घोडी जागा सोडते आणि तबलीवर ओरखडे पाडते. मधला मार्ग म्हणजे तारा काही स्वर उतरवणे आणि घोडीखाली व भोवती मऊ कापड बसवणे. घोडी काढायचीच असेल, तर तिच्या जागेची खूण करणे. जवारी साधण्यासाठी कारागिराने घालवलेले तास त्या एका खुणेवर अवलंबून असतात. मिरजेच्या हवेत मुरलेले लाकूड कॅनडाच्या हिवाळ्यात, घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रांच्या कोरड्या हवेत जाते, तेव्हा ते आकसते. त्यामुळे खोके आल्यावर ते एक दिवस न उघडता खोलीत ठेवावे, एवढी सूचना ग्राहकाला आधीच पाठवली तरी अनेक चिरा टळतील.

वजन कमी, भाडे जास्त

सतारीचे वजन तीन-चार किलो. पेटी आणि खोके धरून ते दहा किलोंच्या घरात जाते. पण विमानाने माल नेणारे प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागण्याची पद्धत कुरिअर व्यवसायात रूढ आहे. १३० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरचे खोके या हिशेबाने जवळजवळ ४७ किलोंचे ठरते. भराव दोन इंचांनी वाढवला की भाडे वाढते. कमी केला की वाद्य धोक्यात येते. तंबोरा तर त्याहून लांब. कारागिराला कोंडीत पकडणारे गणित ते हेच, आणि बहुतेक वेळा काटछाट होते ती भरावात.

नुकसान झाले तर भरपाई मिळेल, या समजुतीतही फारसे तथ्य नाही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीतील मालाची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. भारत २००९ पासून या करारात आहे. त्यानुसार भरपाई वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वजनावर मिळते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा किलोमागे २६ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनाची २६ एकके, अशी आहे. दहा किलोंच्या खोक्याला मिळणारी कमाल रक्कम तीस हजार रुपयांच्या आसपास भरते. उत्तम सतारीची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. माल सोपवताना त्याचे मूल्य खास जाहीर करून जादा आकार भरला, तर ही मर्यादा वाढते. मात्र नुकसान सदोष बांधणीमुळे झाले आणि ती बांधणी पाठवणाऱ्याने केली होती, हे वाहतूकदाराने सिद्ध केले, तर तो जबाबदारीतून मुक्त होतो. म्हणूनच स्वतंत्र विमा आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ही चैन नसून गरज आहे.

लाकूड, शिंग आणि शुल्क

दुसरा अडथळा कायद्याचा. शिसवासह डालबर्जिया प्रजातीतील जवळजवळ सर्व लाकडे २ जानेवारी २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि अशा लाकडाच्या वाद्यांच्या व्यापाराला परवाना आवश्यक झाला. जगभरच्या वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. सूट मिळाली तरी कोणते लाकूड वापरले, हे कागदावर स्पष्ट लिहावेच लागते. पूर्वी घोडीसाठी हरणाचे शिंग वापरत. त्याची निर्यात भारतातून करता येत नाही. हस्तिदंताचे नक्षीकाम असलेले जुने वाद्य तर सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या हाती लागले की परत मिळण्याची आशाच सोडावी. लाकडी खोके वापरायचे, तर ते आयएसपीएम १५ या मानकानुसार प्रक्रिया केलेले व शिक्का मारलेले हवे. प्लायवूडला ही अट लागू नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

शुल्काचे चित्र तर अलीकडे वेगाने पालटले. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून किरकोळ मूल्याच्या पार्सलांवरील करसवलत काढून घेतली. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी संपली. त्या धांदलीत भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची बहुतांश पार्सले स्वीकारणे थांबवावे लागले आणि सेवा ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. या दरम्यान ज्यांची वाद्ये तयार होऊन पडली होती, त्यांच्यासाठी जागतिक व्यापारनीती हा वर्तमानपत्रातील मथळा राहिला नाही. शुल्क कोण भरणार, हे विक्रीपूर्वी लेखी ठरले नसेल, तर ग्राहक खोके नाकारतो आणि परतीच्या भाड्याचा बोजा कारागिरावर पडतो. शुल्क वाचवण्यासाठी वस्तू ‘भेट’ म्हणून किंवा कमी किमतीची दाखवणे हा तर दुहेरी तोटा. तो कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय विम्याची भरपाईही त्या खोट्या किमतीवर अडते.

या सर्व गोष्टी एकेकट्या कारागिराने शिकाव्यात, ही अपेक्षा अवाजवी आहे. ज्याचा हात जवारी लावण्यात मुरला आहे, त्याने आयात-निर्यात कोड, शिपिंग बिल आणि आकारमानी वजन यांत दिवस का घालवावेत? हे ज्ञान ज्यांच्याकडे असते, त्या मधल्या व्यापाऱ्याकडे नफ्याचा मोठा वाटा जाणे मग अटळ ठरते. मानांकनाचा लाभ घडवणाऱ्या हातांपर्यंत पोहोचवायचा, तर मिरजेत सामाईक बांधणी व पाठवणी केंद्र हवे. तिथे सतार आणि तंबोरा यांच्या मापाचे ठरावीक साचे असावेत, घाऊक दराने वाहतुकीचा आणि सामूहिक विम्याचा करार व्हावा आणि कागदपत्रे करणारा एक जाणकार माणूस असावा. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांची योजना अस्तित्वात आहेच. तिला या कलेच्या गरजांशी जोडण्यास फार मोठा निधी लागणार नाही.

मानांकनाने मिरजेच्या वाद्यांना नाव दिले आहे. ते नाव टिकेल की नाही, याचा निर्णय आता परदेशातल्या एखाद्या घरात खोके उघडले जाईल, तेव्हा होणार आहे. आत वाद्य अखंड असेल, तर तो ग्राहक दुसऱ्याला मिरजेचा पत्ता सांगेल.