झाडे नव्हे, सावली मोजा

मे महिन्यातली दुपार. आमच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात एका सुरक्षारक्षकाला रिक्षातून आणले. पन्नाशी उलटलेला माणूस, अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे असंबद्ध. ताप १०६ अंश फॅरेनहाइट. ओल्या चादरी, बर्फ, पंखे आणि सलाइन यांनी जीव वाचला. मूत्रपिंडे सावरायला मात्र आठवडा लागला. सकाळी आठपासून तो एका व्यापारी संकुलाच्या पार्किंगच्या तोंडाशी उभा होता.

ते संकुल माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर आहे. दर्शनी भागात बाटलीपामची रांग, कातरलेले कुंपण, हिरवळ. पाहताना डोळे निवतात, पण दुपारी बारा वाजता डोक्यावर धरायला वीतभर सावली नाही.

हवामान खात्याचे ४४ अंश हे सावलीतल्या, हवेशीर पेटीत मोजलेले असतात. उन्हात उभ्या माणसाला वरून सूर्य, खालून तापलेले पेव्हर ब्लॉक आणि समोरून काचेवरून परतणारे ऊन असा तिहेरी मार बसतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराकडे घामाचाच आधार उरतो. तोही अपुरा पडून शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे गेले आणि शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. त्यात मेंदू, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांवर घाला येतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना धोका अधिक.

नियम नाहीत असे नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६च्या अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी दर ८० चौरस मीटर जागेमागे एक झाड सांगितले आहे. स्थानिक झाडांना प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. पण तपासणीत आकडा मोजला जातो, छत्री नाही. बाटलीपामही एक झाड आणि कडुनिंबही एक झाड! शिवाय तळघर भूखंडाच्या कडेपर्यंत खोदले की मोठ्या मुळांना माती उरत नाही. मग कुंडीत मावेल तेच लावले जाते.

मोठ्या झाडांनी दुकानाची पाटी झाकते, वादळात फांद्या पडतात, हे आक्षेप खोटे नाहीत. मात्र करंज, कडुनिंब यांच्या खालच्या फांद्या वेळेवर उतरवल्या की पाटीही दिसते आणि सावलीही मिळते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी हा देखभालीचाच भाग आहे.

म्हणून महापालिकांकडे मागणी साधी आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना प्रवेशद्वार, पार्किंग आणि पदपथ यांच्यावर सावली धरतील अशी झाडे लावली आहेत का, हे पाहावे. त्यांच्यासाठी खोल मातीचा पट्टा नकाशातच राखून ठेवावा. बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३चा आदेश दिल्लीसाठी होता. आपल्या शहरांनी तो आपणहून पाळावा. वातानुकूलन यंत्रांची गरम हवा पदपथावर सोडू देऊ नये.

झाड मोठे व्हायला वर्षे लागतील. तोवर प्रत्येक फाटकावर छप्पर, पिण्याचे पाणी आणि दुपारी बारा ते चार दर तासाला पाळीबदल एवढे तर उद्यापासून होऊ शकते.

आमचा रुग्ण बरा होऊन घरी गेला. निघताना त्याने मला एकच विचारले, "साहेब, कामावर कधी जाऊ?" मी त्याला दोन आठवडे विश्रांती लिहून दिली. सावली मला लिहून देता येत नाही.