डबा आमचा, मालकी कंपनीची!

व्हिडिओ गेमसारखा विषय या स्तंभात कशाला, असे काही वाचक विचारतील. परंतु नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतील एका कामगार बापाने पोरासाठी हप्त्यांवर स्वस्तातला कन्सोल आणला. पोरगा मित्राची डिस्क घालायला गेला, तर यंत्राला डिस्क घालायची फटच नाही! दुकानदाराने ‘दहा हजार वाचतात’ एवढेच सांगितले होते.

सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आणला तो दोन रूपांत. डिस्कचा ४९,९९० रुपयांना, डिस्कविना ‘डिजिटल’ ३९,९९० रुपयांना. २०२२ मध्ये दोन्ही पाच हजारांनी महागले, फरक मात्र दहा हजारांचाच राहिला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आला. त्यातही डिस्कची सोय नाही. कंपन्या एवढ्या उदार का झाल्या? २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली की, एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीत कंपनीला कधीच नफा झालेला नाही. कमाई आहे ती खेळांत. ज्याच्या यंत्रात डिस्क जात नाही, तो गिऱ्हाईक कंपनीच्याच ऑनलाइन दुकानाला बांधला जातो. तिथे सवलतीचे सेल लागतात, हे खरे; पण ते कधी लावायचे हे कंपनीच ठरवते.

साधा हिशोब मांडू. त्या वेळी सोनीचा नवा मोठा खेळ ४,९९९ रुपयांना होता. खेळून झाल्यावर डिस्क दोन हजारांना विकली असे धरा, पाच खेळांत दहा हजार वसूल! डिजिटलवाल्याच्या हाती विकायला काहीच नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची एकच कॅसेट आमच्या गल्लीत दहा घरे फिरत असे. गरिबाची पोरे खेळली ती त्या देवघेवीवर, आणि नेमकी तीच इथे कापली गेली आहे. (नंतरच्या डिजिटल प्लेस्टेशनला डिस्कचा भाग जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो.)

वस्तू विकता येणे, देता येणे, लेकरांसाठी मागे ठेवता येणे, यालाच कायद्यात मालकी म्हणतात. शूद्राने धन साठवू नये असे सांगणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळली. तेव्हा मालकी हा शब्द आम्ही हलक्याने घेत नाही. डिजिटल खेळ ‘विकत’ मिळतो असे म्हणतात, प्रत्यक्षात मिळतो तो वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे दुकानांवर बंधनकारक आहे. आपल्याकडेही खोक्यावर ठळक मराठीत छापा : यात डिस्क चालत नाही, खेळ पुन्हा विकता येणार नाही.

तोवर बिल जपून ठेवा. ही गोष्ट लपवून कोणी यंत्र गळ्यात मारले असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकीलच लावला पाहिजे असेही नाही.