साखळीने बांधलेला राखणदार

नवे घर बांधून झाले की फाटकावर दोन पाट्या लागतात. एक घराच्या नावाची आणि दुसरी ‘कुत्र्यापासून सावधान’ अशी. दोन्ही पाट्या सारख्याच अभिमानाने लावल्या जातात. दुसऱ्या पाटीचा अर्थ मात्र कोणी नीट लावत नाही. ‘आम्ही एक प्राणी पाळला आहे, त्याला काही शिकवलेले नाही, तेव्हा तुमचे तुम्ही सांभाळा,’ असाच तो अर्थ आहे.

फाटकाच्या आत पाहावे, तर जिन्याखाली किंवा पेरूच्या झाडाला चार हात साखळीने कुत्रा बांधलेला असतो. सकाळी एक पोळी, रात्री उरलेला भात. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, गॅसची टाकी आणणारा माणूस, प्रत्येकावर भुंकून त्याचा घसा बसलेला असतो. घरची मंडळी कौतुकाने सांगतात, “फार कडक कुत्रा आहे हो आमचा!” वाचकहो, तो कडक नसतो. तो कंटाळलेला, घाबरलेला आणि चिडलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांबाबत आदेश दिले आणि पुढे त्यात बदलही केले. तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांची चर्चा देशभर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण फाटकाच्या आतल्या कुत्र्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. म्हणून या आठवड्यात त्याच्याविषयी. माझे म्हणणे थोडक्यात असे, की पाळीव कुत्र्याला रोज फिरवणे आणि चार गोष्टी शिकवणे ही श्रीमंतांची हौस नव्हे. ती घराच्या आणि शेजारपाजारच्या आरोग्याची बाब आहे. लस टोचून घेण्याइतकीच ती आवश्यक आहे.

साखळी काय करते?

कुत्रा हा मुळात चालणारा, धावणारा आणि हुंगणारा प्राणी. मेंढरांबरोबर हिंडणारी धनगरांची कुत्री पाहा. दिवसभर कळपाबरोबर चालतात, रात्री लांडग्यावर नजर ठेवतात. परका माणूस दिसला तर भुंकतात, पण मालकाची हाक आली की थांबतात. मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात कारवान किंवा मुधोळ या नावाने ओळखली जाणारी कुत्री तर सशामागे रानोमाळ धावण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या जोपासली गेली. असे जनावर हौसेने आणायचे आणि जिन्याखाली बांधायचे, म्हणजे शर्यतीचा बैल जन्मभर दावणीला ठेवण्यासारखे आहे.

अंगातली ताकद कुठून तरी बाहेर पडणारच. मग कुत्रा तासन् तास भुंकतो, जमीन उकरतो, चपला फाडतो, स्वतःचेच पाय चाटून जखमा करून घेतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर तो चार पावले मागे सरकू शकतो. बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नसते. अंगावर येणाऱ्याला हाकलण्यासाठी त्याच्याजवळ दात तेवढे उरतात.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांची तुलना करून १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगणात साखळीने बांधून ठेवलेले कुत्रे चावणाऱ्यांत असण्याची शक्यता त्यात सुमारे पावणेतीन पट आढळली. यावर कोणी म्हणेल, चावरा होता म्हणूनच बांधला असेल. तेही काही ठिकाणी खरे असेल. पण बांधल्याने तो सुधारला नाही, एवढे तर उघडच आहे.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा पाहा. त्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा मानला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही त्याच कलमात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे, म्हणून त्याची भीती कोणाला नाही, ही गोष्ट वेगळी. पण कुत्र्याचा व्यायाम ही मालकाच्या मर्जीची बाब नाही, हे कायद्याने साठ वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

फिरवणे म्हणजे काय?

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, एवढे बहुतेक मोठ्या कुत्र्यांना लागतेच. धावणाऱ्या जातींना जास्त, म्हाताऱ्या व आजारी कुत्र्यांना कमी. पिल्लांना एकदम लांब नेऊ नये, थोडे थोडे चार वेळा खेळवावे. फिरताना त्याला हुंगू द्यावे. आपण डोळ्यांनी गाव पाहतो, तो नाकाने पाहतो. दर खांबाशी ओढून पुढे नेलेल्या कुत्र्याचे पाय दमतात, डोके दमत नाही.

काही तरुण मुले कुत्र्याला मोटारसायकलला बांधून पळवतात. हा व्यायाम नव्हे, छळ आहे. कुत्रा मालकाला सोडून थांबत नाही, छाती फुटेपर्यंत पळतो. तसेच ‘आमचा कुठे जात नाही’ म्हणून रस्त्यावर मोकळा सोडणे हेही फिरवणे नव्हे. वाहनाखाली सापडणारी, भांडणात फाटून येणारी कुत्री बहुधा अशीच ‘कुठे न जाणारी’ असतात. गळ्यात पट्टा आणि हातात दोरी हवीच.

उन्हाची काळजी विशेष घ्यावी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींचा तर तो पंखाही नीट चालत नाही. मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत फिरणे सूर्य वर येण्याआधी आणि मावळल्यानंतरच. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही ऊन लागल्याची लक्षणे आहेत. लगेच सावलीत घ्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

फिरून आल्यावर कान, काखा आणि पायाची बोटे तपासून गोचिड्या काढाव्यात. गोचिडीतून कुत्र्याला जिवावर बेतणारा ताप येतो. रस्त्यावर केलेली घाण मालकाने कागदात उचलावी. तिच्यातून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोहोचतात. म्हणून कुत्र्याला जंताचे औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने नियमित द्यावे.

यात मालकाचाही लाभ आहे. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या किती रुग्णांना डॉक्टर रोज हेच सांगतात! औषधाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, चालणे मात्र उद्यावर जाते. दारात वाट पाहणारा कुत्रा असेल तर उद्याची सबब चालत नाही. मात्र हुंगण्यासाठी त्याला आधी दहा मिनिटे द्यावीत, मग दोघांनी भरभर चालावे.

शिकवायचे कसे?

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकते, असे त्यांना दिसून आले. या काळात ज्याने मुले, म्हातारी माणसे, सायकली, कुकरची शिट्टी पाहिली-ऐकली, ते पुढे या गोष्टींना घाबरत नाही. म्हणून पिल्लू आईपासून आठ आठवड्यांआधी तोडू नये आणि घरी आणल्यावर कोपऱ्यात बांधू नये. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन गल्ली जरूर दाखवावी.

बस, ये, थांब, सोड. एवढे चार शब्द आले तरी घरच्या कुत्र्याचे शिक्षण पुष्कळ झाले. आपल्याकडे घरात मराठी आणि कुत्र्याशी इंग्रजी, असा एक रिवाज आहे. कुत्र्याला इंग्रजीही येत नाही आणि मराठीही. त्याला ठरलेला आवाज कळतो. वडील ‘सिट’ म्हणणार, आई ‘बस’ म्हणणार आणि आजोबा ‘खाली बस रे मेल्या’ म्हणणार, तर त्याने कोणाचे ऐकावे? घरात सर्वांनी एकच शब्द ठरवावा.

भाकरीचा लहानसा तुकडा नाकाजवळून डोक्यावर न्यावा. कुत्रा मान वर करतो आणि आपोआप बसतो. बसला त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तुकडा द्यावा. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा त्याला बोध होत नाही. रोज पाच-दहा मिनिटे, दोन-तीन वेळा, एवढे पुरते. मारून शिकवलेला कुत्रा आज्ञा शिकत नाही, हाताला भ्यायला शिकतो. पळून गेलेला कुत्रा परत आल्यावर त्याला मारणे तर सर्वांत वाईट. ‘परत आलो की मार बसतो’ एवढेच त्यातून तो शिकतो.

गुरगुरण्याबद्दलही गैरसमज आहे. गुरगुरणे ही त्याची सूचना असते, ‘मला भीती वाटते, दूर राहा.’ ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. मुलांना हे समजावून सांगावे. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. कितीही गरीब कुत्रा असला, तरी लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

चावलाच तर

घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे, म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. दात खोल लागला असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत टोचण्याचे वेगळे औषधही लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने आजही काही जण दवाखाना टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शने दंडात आणि चार-पाचच घ्यावी लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच समजावे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो आणि बळींत लहान मुले पुष्कळ असतात. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी चुकवू नये.

‘आम्हाला वेळ नाही’

हे सगळे वाचून काही जण म्हणतील, “आम्हाला कुत्रा राखणीला हवा आहे, लाडाला नाही.” त्यांना माझे उत्तर असे, की जो कुत्रा दिवसभर पोस्टमनपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर भुंकतो, त्याच्या रात्रीच्या भुंकण्याला उठून पाहतो कोण? उलट ज्याला घरची, शेजारची आणि परकी माणसे यांतला फरक कळतो, त्याचे एक भुंकणे पुरते. असा कुत्रा साखळीने तयार होत नाही, सहवासाने होतो.

दुसरे म्हणतील, “वेळ कुठे आहे?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. घरातली सगळी माणसे सकाळी बाहेर पडून रात्री येत असतील, तर कुत्रा न पाळणे हाच प्राणिप्रेमाचा उत्तम मार्ग आहे. त्यात कमीपणा नाही. दत्तगुरूंच्या तसबिरीतली चार कुत्री तरी पाहा. ती महाराजांच्या पायाशी आहेत, कोणी बांधलेली नाहीत.

ज्यांच्याकडे कुत्रा आहेच, त्यांनी उद्या पहाटे दोन गोष्टी कराव्यात. त्याच्या लसीचे कार्ड शोधून शेवटची तारीख पाहावी आणि दोरी हातात घेऊन त्याच्याबरोबर अर्धा तास बाहेर पडावे. पहिले आठ दिवस तो ओढील, उड्या मारील, तुमचा दंड दुखेल. महिनाभर नेम पाळा. भुंकणे कमी झाल्याचे बहुधा आधी शेजारीच तुम्हाला सांगतील.