बारामतीच्या एफएमवर विश्वाची पहाट? हायड्रोजनचा क्षीण संदेश पकडणं इतकं अवघड का आहे?

बारामतीत 90.4 मेगाहर्ट्झला रेडिओ लावला की 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक केंद्र ऐकू येतं. सिद्धांतानुसार याच फ्रिक्वेन्सीवर आणखी एक संदेश आपल्यापर्यंत येत असतो. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय साधारण 27 कोटी वर्षं होतं. आज ते सुमारे 1,380 कोटी वर्षं आहे.

हा संदेश हायड्रोजनचा आहे. आणि तो टिपण्याच्या धडपडीचा थेट संबंध पुणे-नाशिक रेल्वेच्या वादाशीही आहे.

हा संदेश येतो कुठून?

हायड्रोजनचा अणू 21 सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. तिची फ्रिक्वेन्सी 1420 मेगाहर्ट्झ. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे वाटेत ही लहर ताणली जाते. जितका जुना संदेश, तितकी लांब लहर आणि तितकी कमी फ्रिक्वेन्सी. पहिले तारे पेटले त्या काळातली लहर ताणून तीन-चार मीटरची होते आणि एफएमच्या आसपास येऊन बसते.

अडचण इथेच आहे. आपल्याच आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट या संदेशाच्या हजारो पट मोठा आहे. त्यात एफएम केंद्रं, मोबाईल, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या यांची भर.

कुणाला सापडला का?

2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'एजेस' प्रयोगाने 78 मेगाहर्ट्झजवळ खूण सापडल्याचा दावा केला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने तो तपासला. त्यांचा 'सारस-3' अँटेना कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगत ठेवला होता. इंदापूरकरांनी उजनीचं पसरलेलं पाणी डोळ्यांसमोर आणावं. जमिनीखाली माती-खडकांचे थर असतात, ते मोजमापात घोळ घालतात. पाणी मात्र एकसारखं असतं. 2022 मध्ये निष्कर्ष आला: एजेसला दिसलेली खूण आकाशातली नसावी.

पुणे जिल्ह्याचा वाटा काय?

जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. विश्व साधारण 60 कोटी वर्षांचं असतानाचा संदेश 150 मेगाहर्ट्झजवळ येतो. तो जास्तीत जास्त किती तीव्र असू शकतो, याची मर्यादा जीएमआरटीच्या निरीक्षणांतून 2013 मध्ये मांडली गेली. 2023 मध्ये याच दुर्बिणीच्या नोंदींतून सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश मिळाल्याचं जाहीर झालं.

मग रेल्वेचा वाद काय?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून जाणारा होता. विजेवर धावणारी गाडी, तिची सिग्नल यंत्रणा आणि प्रवाशांचे मोबाईल यांतून रेडिओ गोंगाट होतो, म्हणून दुर्बिणीच्या बाजूने आक्षेप आला. केंद्राने शिर्डी-अहिल्यानगरमार्गे पर्याय पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागातून त्याला विरोध झाला.

रेल्वेची मागणी चुकीची नाही. भाजीपाला बाजारात वेळेवर नेणाऱ्या शेतकऱ्याला आणि शिकायला पुण्याला येणाऱ्या पोरांना ती हवी आहे. पण दोन्ही गोष्टींत एक फरक आहे. रेल्वेचा मार्ग वळवता येतो, जरी त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. 30 डिश उचलून नेता येत नाहीत आणि एकदा गमावलेली रेडिओ शांतता सहसा परत मिळत नाही.

म्हणूनच विज्ञानासाठी गैरसोय सोसणाऱ्या तालुक्यांना त्या बदल्यात काय मिळणार, याचं उत्तर सरकारने द्यायला हवं. दुर्बीण देशाची आहे, तर तिची किंमत एकट्या जुन्नरने का मोजावी?