विजेची सायकल आणि व्यायामाचा हिशेब

विजेच्या साहाय्याने चालणारी सायकल आता आपल्या शहरांतील रस्त्यांना अपरिचित राहिलेली नाही. तिचा विषय निघाला की दोन परस्परविरुद्ध मते हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सारे काम मोटारच करणार असेल तर त्यात व्यायाम कसला? दुसऱ्या पक्षात विक्रेते आघाडीवर असतात. त्यांचे म्हणणे असे, की ही शेवटी सायकलच आहे, तेव्हा सायकलीचे सर्व लाभ तिच्यापासून मिळणारच. आमच्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे समजून घेणे आपली प्रकृती आणि आपला पैसा, या दोहोंच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करावयास हवा. 'ई-बाईक' या एकाच नावाखाली आपल्याकडे निरनिराळी वाहने विकली जातात. यामाहा या जपानी कंपनीने १९९३ मध्ये जी विद्युत-साहाय्यित सायकल बाजारात आणली, तिचे तत्त्व असे होते की चालविणाऱ्याने पायांनी जितका जोर लावावा, त्या प्रमाणात मोटारीने आपला हातभार लावावा. पाय थांबले की मोटारही थांबते. युरोपातील नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. तेथे साध्या सायकलीत गणल्या जाणाऱ्या ई-सायकलची मोटार २५० वॅटपर्यंतची असते. पाय चालत असतील तोवरच ती साहाय्य करते आणि ताशी २५ किलोमीटर वेग गाठताच साहाय्य बंद होते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विद्युत वाहनांना नोंदणी आणि परवान्यातून सूट आहे. परंतु या सवलतीत पायडल नसलेली, हँडलची मूठ पिळताच धावणारी छोटी वाहनेही बसतात. अशा वाहनावर बसणे हा व्यायाम नव्हे, हे सांगण्यास संशोधकाची आवश्यकता नाही. म्हणून पुढील सारे विवेचन पायडल मारावीच लागते अशा ई-सायकलीपुरते आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेवढ्याच वेळात तेवढाच व्यायाम होतो का? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. शरीराचे श्रम मोजण्यासाठी तज्ज्ञ 'मेट' हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाची शक्ती जितकी खर्च होते तो एक मेट. तीन ते सहा मेटपर्यंतचे श्रम मध्यम आणि त्यापुढील श्रम जोरकस मानले जातात. साधी सायकल ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर वेगाने चालविली तर सुमारे ६.८ मेट श्रम पडतात. ई-सायकलीचे श्रम त्याहून कमी असतात. मात्र ते नगण्य नसतात. आजवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ई-सायकलीचे श्रम साध्या सायकलीहून कमी, परंतु पायी चालण्याहून अधिक, आणि किमान मध्यम स्वरूपाचे असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. समजा, ई-सायकलीवर पाच मेट श्रम झाले. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीला अर्ध्या तासात साध्या सायकलीवर सुमारे २४० कॅलरी खर्चाव्या लागतील, तर ई-सायकलीवर सुमारे १७५. तूट आहे, पण जमेची बाजू शून्य नाही.

येथवरचा हिशेब एका फेरीचा झाला. प्रकृती मात्र एका फेरीवर सुधारत नाही, ती सातत्यावर सुधारते. ही गोष्ट बँकेच्या ग्राहकांना वेगळी समजावून सांगावयास नको. मोठी रक्कम एकदाच भरून पुढे खात्याकडे न फिरकणाऱ्यापेक्षा दरमहा थोडी थोडी आवर्ती ठेव भरणाऱ्याच्या पदरी अखेरीस अधिक पडते. व्यायामाचेही तसेच आहे. नव्या वर्षाच्या उत्साहात घेतलेली किती सायकली जिन्याखाली धूळ खात उभ्या असतात, हे आपण प्रत्येकाने पाहिले आहे. उड्डाणपुलाचा चढ, वैशाखातील ऊन, समोरून येणारा वारा आणि घामाने भिजलेल्या कपड्यांनी कार्यालयात पोहोचण्याचा संकोच, या अडचणी क्षुल्लक वाटल्या तरी निश्चय त्यांपुढेच ढासळतो. मोटारीचा हातभार नेमक्या याच ठिकाणी उपयोगी पडतो.

युरोपातील सात शहरांत दहा हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी करून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ई-सायकल वापरणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साधी सायकल वापरणाऱ्यांच्या बरोबरीची आढळली. ई-सायकलवाले अधिक लांबचे अंतर कापीत होते, हे त्याचे एक प्रमुख कारण. ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली होती, ही मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. तथापि अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची दिशाही हीच आहे. एरवी व्यायाम न करणाऱ्या वीस व्यक्तींनी महिनाभर, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटे ई-सायकल चालविली आणि त्यांची हृदय व श्वसनाची क्षमता वाढलेली दिसली. प्रयोग लहान होता, पण बैठी कामे करणाऱ्यांना तो धीर देणारा आहे.

मग ई-सायकल सर्वांनीच घ्यावी काय? आमचे म्हणणे तसे नाही. खरा प्रश्न असा आहे, की ती आपल्या जीवनात कोणत्या गोष्टीची जागा घेणार? वर उल्लेखिलेल्या युरोपीय अभ्यासातच याचे उत्तर आहे. मोटारगाडी सोडून ई-सायकलीकडे वळलेल्यांची हालचाल वाढली. साधी सायकल सोडून वळलेल्यांची घटली. स्कूटर घरी ठेवून कोणी ई-सायकलीने बँकेत येऊ लागला, तर तो निव्वळ नफा आहे. परंतु जो आजवर बाजारात पायी जात होता किंवा रोज साधी सायकल चालवीत होता, त्याने केवळ नवलाईपोटी ई-सायकल घेतली, तर त्याने आपल्याच खात्यातून पैसे काढले असे म्हणावे लागेल. तरुण व निरोगी व्यक्तीला दमसास वाढवावयाचा असेल, तर तिने साध्या सायकलीचीच कास धरावी.

याउलट गुडघे कुरकुरू लागलेले, वजन वाढलेले, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले किंवा वर्षानुवर्षे संगणकापुढे बसून काम करणारे अनेक जण साध्या सायकलीकडे वळणारच नाहीत. त्यांच्यापुढील निवड साधी सायकल की ई-सायकल अशी नसून, ई-सायकल की काहीच नाही अशी असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करण्यास सांगते. कामावर जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे, असे पाच दिवस पायडल मारले की ही १५० मिनिटे पूर्ण होतात. हृदयविकार असलेल्यांनी अर्थातच प्रथम आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

येथे आणखी एका वर्गाचा विचार करणे न्यायाचे ठरेल. आपल्या देशात असंख्य कष्टकरी हौसेने नव्हे, तर गरजेपोटी सायकल चालवितात. दूधवाले, रखवालदार, बांधकामावरील मजूर यांचे अंग दिवसभर श्रमतच असते. त्यांना विजेचे साहाय्य मिळाले आणि त्यांचा घाम कमी झाला, तर त्यात खेद मानण्याजोगे काही नाही. व्यायामाचा उपदेश बसून काम करणाऱ्यांनी आधी स्वतःस करावा.

जे खरेदीचा विचार करीत आहेत, त्यांनी दुकानात एक प्रश्न अवश्य विचारावा : मोटारीचे साहाय्य पायांच्या जोरावर ठरते, की पायडल नुसते फिरते आहे एवढ्यावर? स्वस्त सायकलींत बहुधा दुसरा प्रकार असतो. त्यात पाय हलकेच फिरवीत राहिले तरी मोटार सारा भार उचलते, आणि व्यायामाचा केवळ आभास उरतो. साहाय्याच्या पायऱ्या असल्यास सपाट रस्त्यावर सर्वांत खालची ठेवावी आणि वरच्या पायऱ्या चढासाठी राखाव्यात. पुरेसे श्रम होत आहेत की नाही, हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. चालविताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सुखाने गाणे म्हणता येत असेल, तर साहाय्य एक पायरी कमी करण्यास हरकत नाही.

तात्पर्य, ई-सायकल ही साध्या सायकलीची बरोबरी मिनिटागणिक करीत नाही. वर्षागणिक मात्र करू शकते, जर ती रोज बाहेर काढली आणि तिने स्कूटरची जागा घेतली तर. मोटार किती शक्तीची आहे हे विक्रेता सांगेल. आपले पाय किती काम करणार, हे मात्र आपणच ठरवावयाचे आहे.